फटाक्यांच्या आवाजात बुडालेलं वाक्य: ॲनिमेमधले ठरलेले संकेत येतात कुठून?

मागचे तीन लेख यीस्टच्या पेशींवर झाले, आणि "आता जरा माणसांबद्दल लिही" असा निरोप घरूनच आला. म्हणून आज यीस्टला सुट्टी. आजचा विषय ॲनिमे आणि मांगा. पण विषय निघाला कसा ते आधी सांगते.

माझा मावसभाऊ लातूरला राहून नीटची तयारी करतोय, दुसऱ्यांदा. गेल्या महिन्यात रात्री अडीच वाजता त्याचा मेसेज आला: "ताई, जागी आहेस? एक विचारायचंय. ॲनिमेमध्ये हिरो हरतो, मग ट्रेनिंग करतो, मग जिंकतो. मी दीड वर्ष ट्रेनिंगच करतोय. माझी मेहनत कमी पडतेय का गं?"

पहिल्यांदा हसू आलं. मग नाही आलं. एक तर अडीच वाजता तो जागा होता. दुसरं म्हणजे, पीएचडीच्या पाचव्या वर्षात तोच प्रयोग सहाव्यांदा फसल्यावर मीही स्वतःला नेमकं हेच विचारते. त्याला तेव्हा "झोप आता" एवढंच लिहिलं. पण प्रश्न डोक्यातून जाईना. मेहनत केली की विजय मिळतो, हे या गोष्टींमध्ये इतकं ठरलेलं का असतं? आणि त्याच मुलांच्या मासिकांतल्या प्रेमकथांमध्ये बरोबर उलटं का? तिथे शंभर-शंभर प्रकरणं मेहनत करूनही एक साधं वाक्य तोंडातून बाहेर पडत नाही!

आधी थोडी थिअरी (घाबरू नका)

आम्हाला कोर्सवर्कमध्ये शोधनिबंध कसा लिहायचा याचा एक छोटा पेपर होता. त्यात कॅरोलिन मिलर या अभ्यासिकेचा 1984चा एक लेख वाचायला लागला होता. तिचं म्हणणं थोडक्यात असं: एखादा लेखनप्रकार, म्हणजे आपण ज्याला जॉनर म्हणतो तो, त्याच्या बाह्य रूपावरून ओळखू नका. तो कुठलं काम करतो ते बघा. एकच परिस्थिती पुन्हा पुन्हा येते, माणसं तिला पुन्हा पुन्हा तेच उत्तर देतात, आणि ते उत्तर घट्ट होत होत जॉनर बनतं.

आपल्या लग्नपत्रिकेचं उदाहरण घ्या. "आमचे येथे श्रीकृपेकरून" लिहिणाऱ्याला त्या क्षणी कृपेबद्दल काही म्हणायचं असतंच असं नाही. पण कोण, कुणाचं, कधी, कुठे आणि कुणी बोलावलंय, हे कुणाचा मानपान न दुखावता एका कागदावर सांगायचं असतं. दर लग्नाला हीच अडचण येते, म्हणून दर पत्रिका तशीच दिसते.

तेव्हा मांगातला एखादा संकेत आपल्याला "घिसापिटा" वाटला, की कंटाळण्याआधी एक प्रश्न विचारायचा: हा कुठल्या अडचणीचं उत्तर आहे?

अडचण: दर आठवड्याला एकोणीस पानं

जपानमध्ये बहुतेक मांगा आधी मासिका-साप्ताहिकांत येतात आणि मग त्यांची पुस्तकं निघतात. त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे शुएइशा प्रकाशनाचं ‘वीकली शोनेन जंप’. ते 1968मध्ये सुरू झालं, आणि 1990च्या दशकाच्या मध्यात एका अंकाच्या 65 लाखांवर प्रती निघाल्या होत्या. एका जाड अंकात वीसेक मालिका, प्रत्येकीचं साधारण एकोणीस पानांचं एक प्रकरण. स्वस्त कागद. लोकलमध्ये वाचायचा आणि ठेवून द्यायचा.

या अंकात एक पोस्टकार्ड असायचं. या आठवड्यात आवडलेल्या तीन मालिका वाचकांनी त्यावर लिहून पाठवायच्या. संपादक मंडळ ते आकडे बघतं. नवी मालिका सतत तळाला राहिली तर दहा-वीस प्रकरणांत गुंडाळली जाऊ शकते. उलट एखादी वर चढली तर ती संपवायची कुणालाच घाई नसते.

म्हणजे लेखकाची अडचण दुहेरी आहे. या आठवड्यात मजा यायला हवी, नाहीतर मालिका मरेल. आणि या आठवड्यात सगळं सांगून टाकायचंही नाही, नाहीतर पुढच्या आठवड्याला काय छापणार? शेवट कधी येणार हे लेखकालाही ठाऊक नसतं. ॲक्शन आणि रोमँटिक कॉमेडी हे दोन्ही प्रकार या एकाच अडचणीला दोन वेगळी उत्तरं देतात.

ॲक्शनचं उत्तर: पायरी चढत राहा

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेतून आल्यावर ‘ड्रॅगन बॉल झी’ पाहिलेलं असणार. मूळ ‘ड्रॅगन बॉल’ 1984 ते 1995 जंपमध्ये चाललं. अकिरा तोरियामांनी ते सुरू केलं तेव्हा ती एक गमतीशीर प्रवासकथा होती, चिनी ‘पश्चिमेची यात्रा’ या जुन्या कथेच्या वळणाची. सुरुवातीला प्रतिसाद थंड होता. मग तोरियामा आणि त्यांचे संपादक काझुहिको तोरिशिमा यांनी गोकूला "आणखी ताकदवान व्हायचंय" या एकाच इच्छेवर आणून ठेवलं, आणि कुस्तीच्या फडासारखी स्पर्धा गोष्टीत आणली. मालिका वर गेली.

स्पर्धा हा संकेत इतका का टिकला? कारण ती साप्ताहिकासाठी जवळजवळ आदर्श यंत्र आहे. एका पानावर सामन्यांचा तक्ता छापला की वाचकाला पुढच्या कित्येक आठवड्यांचं वचन मिळतं: "हे दोघं उपांत्य फेरीत भेटणार!" नवीन पात्रं आणायला वेगळं कारण लागत नाही. मालिका चालली तर सामना लांबवता येतो, पडली तर दोन पानांत आटपता येतो.

बाकीचे संकेतही असेच उलगडतात. शत्रू लढता लढता स्वतःच्या शक्तीचे नियम का सांगत बसतो? कारण नियम आधी माहीत असेल, तरच तो नियम वापरून हिरो जिंकला याची मजा येते. वार करताना त्याचं नाव का ओरडायचं? कारण छापील चित्र हलत नाही. नावामुळे चार रेघांचा स्फोट हा "तोच तो वार" म्हणून लक्षात राहतो, आणि शाळेच्या मधल्या सुट्टीत पोरांना ओरडताही येतो.

पण पायऱ्या चढण्यात एक गणिती सापळा आहे. ‘ड्रॅगन बॉल’मध्ये मधेच लढाऊ ताकद मोजणारं एक यंत्र येतं. बंदूक धरलेल्या शेतकऱ्याची ताकद भरते 5. थोड्याच काळात फ्रीझा नावाचा खलनायक आपला आकडा सांगतो: 5,30,000. म्हणजे एक लाख सहा हजार पट! मी रोज पेट्री डिशमध्ये अशी वाढ बघते, आणि तिचं पुढे काय होतं तेही बघते: बशीतलं अन्न संपतं. इथेही तेच झालं. फ्रीझानंतर ते आकडे हळूहळू गोष्टीतून गायबच झाले.

इतर लेखकांनी वेगळी वाट धरली. ‘जोजो’मध्ये 1989पासून ‘स्टँड’ ही कल्पना आली. तिथे प्रश्न "किती ताकद?" असा नसून "कुठल्या प्रकारची ताकद?" असा असतो. योशिहिरो तोगाशींच्या ‘हंटर × हंटर’मध्ये तर स्वतःवर जितकं कडक बंधन घालाल तितकी शक्ती वाढते. कुरापिकाची एक साखळी फक्त एकाच टोळीवर चालते. दुसऱ्या कुणावर वापरली तर त्याचाच जीव जाईल. आकडा न वाढवता ताण वाढवायची ही युक्ती.

रोमकॉमचं उत्तर: होतं तिथेच परत या

प्रेमकथेत पायऱ्या चढून चालत नाही, कारण वर एकच पायरी आहे. ती "हो" म्हणाली की गोष्टीचं इंजिन बंद.

त्यामुळे इथली रचना गीझरच्या थर्मोस्टॅटसारखी असते. पाणी तापलं की बटण बंद, गार झालं की पुन्हा चालू. आमच्या भाषेत याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात, आणि पेशीही याच युक्तीवर जगतात. दोघं जवळ आली की काहीतरी घडतं आणि दोघं पुन्हा होती तिथे. हे "काहीतरी" म्हणजेच या प्रकारातले संकेत. ती मनातलं बोलते तेव्हा नेमके फटाके फुटतात किंवा ट्रेन जाते. दार उघडून तिसरंच कुणीतरी येतं. तो म्हणतो, "काय म्हणालीस? ऐकू नाही आलं." जपानी वाचकांनी अशा नायकांना "कमी ऐकू येणारा हिरो" असं नावच ठेवून दिलंय!

दोन गोष्टी या थर्मोस्टॅटला मदत करतात. पहिली म्हणजे समाजातली एक खरी रीत. जपानमध्ये शाळा-कॉलेजच्या वयात "मला तू आवडतेस, आपण एकत्र फिरूया का" असं स्पष्ट सांगायची पद्धत आहे. तिला ‘कोकुहाकू’ म्हणतात. तिच्या आधी तुम्ही जोडपं नसता, नंतर असता. इतकी ठळक रेघ असली, की तिच्या अलीकडे गोष्ट हवी तितकी ताणता येते.

दुसरी म्हणजे भाषा. जपानी वाक्यात कर्ता-कर्म सर्रास गाळतात. "सुकी" म्हणजे आवडतं. पण कोण, कुणाला, काय, हे त्या शब्दात नाही. त्यामुळे ती धीर करून "सुकी" म्हणते आणि तो हातातल्या आइसक्रीमकडे बघून "मलाही!" म्हणतो, हे तिथे शक्य आहे. मराठीत हा विनोद करून बघा. "आवडतोस" म्हणून झालं की सुटका नाही. आपलं क्रियापद सगळं सांगून टाकतं!

याचं मूळ उदाहरण म्हणजे रुमिको ताकाहाशींची ‘उरुसेई यात्सुरा’. 1978 ते 1987, ‘वीकली शोनेन संडे’ या साप्ताहिकात. पृथ्वी वाचवायला आतारु नावाच्या मुलाला परग्रहावरच्या लमशी पकडापकडी खेळावी लागते. जिंकलास तर लग्न करीन, असं त्याला त्याच्या मैत्रिणीने सांगितलेलं. ऐन खेळात तो आता लग्न होणार म्हणून ओरडतो, आणि लमला वाटतं हा आपल्यालाच मागणी घालतोय. एका गाळलेल्या शब्दावर नऊ वर्षांची मालिका सुरू झाली. आणि संपली कशी? पुन्हा पकडापकडीवर. तिला त्याच्या तोंडून प्रेमाची कबुली हवी आहे, तो शेवटपर्यंत देत नाही. थर्मोस्टॅट अखेरच्या पानापर्यंत शाबूत.

एक नैसर्गिक प्रयोग

आता माझा सगळ्यात आवडता भाग. आमच्याकडे कुठलाही दावा केला की गाईड विचारतात, "कंट्रोल कुठे आहे?" म्हणजे एकच गोष्ट बदलून बाकी सगळं तसंच ठेवून बघितलं का? साहित्यात असा प्रयोग करणार कसा?

तर इथे तो आपोआप घडलाय. 1980 ते 1987 याच काळात ताकाहाशी दुसरी एक प्रेमकथाही काढत होत्या, ‘मेझों इक्कोकु’. लेखिका तीच, वर्षं जवळजवळ तीच, प्रकाशक शोगाकुकान तेच. मासिक मात्र वेगळं: ‘बिग कॉमिक स्पिरिट्स’, म्हणजे मोठ्या माणसांसाठीचं.

ही गोष्ट एका मोडकळीला आलेल्या भाड्याच्या घरात घडते. नायक गोदाई विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत नापास होऊन पुन्हा तयारी करणारा मुलगा. घराची नवी व्यवस्थापक क्योको ही तरुण विधवा. गैरसमज इथेही ढीगभर आहेत. चुकीच्या वेळी दार उघडणं आहे, दुसऱ्याच कुणाबरोबर दिसणं आहे. संकेत सगळे तेच. पण इथे घड्याळ चालतं. आतारु नऊ वर्षं त्याच वर्गात राहतो. गोदाई मात्र परीक्षा पास होतो, साध्याशा कॉलेजात जातो, पदवी घेतो, नोकरी मिळत नाही म्हणून भटकतो, पाळणाघरात काम करता करता त्याला आपलं काम सापडतं. शेवटी लग्न होतं, मूल होतं, आणि मालिका संपते.

एकाच माणसाच्या हातून एकाच वेळी एक थांबलेली गोष्ट आणि एक वाहणारी गोष्ट आली. म्हणजे "होतं तिथेच परत या" हा लेखिकेचा स्वभाव नव्हता. पौगंडावस्थेतल्या मुलांच्या साप्ताहिकाला ते उत्तर हवं होतं. मोठ्यांच्या मासिकाला दुसरं चाललं. एका उदाहरणावरून सिद्धांत होत नाही हे मान्य (गाईड हा ब्लॉग वाचत नाहीत अशी आशा), पण मिलर यांचं म्हणणं इतकं स्वच्छ दिसणारी जोडी मला तरी दुसरी मिळाली नाही.

पुढच्या पिढीने दोन्ही उत्तरं एकत्रही केली. 2015 ते 2022 चाललेल्या ‘कागुया-सामा’मध्ये दोन अतिहुशार मुलं ठरवतात की आधी प्रेम कबूल करेल तो हरला. मग निवेदक, डावपेच, प्रतिडाव, सगळा थाट लढाईच्या मांगाचा! आणि गंमत म्हणजे कबुली जवळजवळ मध्यावरच होते, तरीही गोष्ट चालते. दोघं जोडपं झाली की इंजिन बंद पडतं, ही भीती सवयीची होती, नियम नव्हता.

एक तक्रार

सगळेच संकेत निरुपद्रवी आहेत असं मी म्हणणार नाही. पाय घसरून तो तिच्या अंगावर पडतो, ती थोबाडीत मारते, सगळे हसतात, हे तुम्ही शंभरदा पाहिलं असेल. याचं यांत्रिक कारण स्पष्ट आहे. "अपघात" असला की जवळीक होते आणि निर्णय कुणीच घेतलेला नसतो, म्हणून थर्मोस्टॅट हलत नाही. पण कारण समजलं म्हणजे ते चालवून घ्यायचं असं नाही. तिला काय हवं होतं हा प्रश्न त्या संकेतात गाळला जातो, आणि "नाही म्हणजे अजून नाही" हे शिकवायला आपल्याकडचे सिनेमे आधीच पुरेसे होते.

आता लातूरचा प्रश्न

मेहनतीच्या संकेताकडे परत येऊ. जंपची ओळख तीन शब्दांत सांगतात: मैत्री, मेहनत, विजय. भाऊ जे बघून मोठा झाला ते हेच. चार दिवसांनी मी त्याला फोन केला आणि तीन गोष्टी सांगितल्या.

एक: गोष्टीतली मेहनत दाबून छापलेली असते. ‘वन पीस’मध्ये दोन वर्षांचं प्रशिक्षण दोन प्रकरणांच्या मधल्या फटीत उरकतं. थकवा, ताप, डोक्यात काहीच न शिरणारे मंगळवार, यांना चौकट मिळत नाही. त्यांना जागा दिली तर पोस्टकार्डं येणार नाहीत.

दोन: आपण फक्त टिकलेल्या मालिका वाचतो. ज्या मालिकेतला हिरो तितकीच मेहनत करत होता आणि ती पंधराव्या प्रकरणात गुंडाळली गेली, ती आपल्यापर्यंत पोचलीच नाही. आमच्याकडे याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. टॉपरच्या मुलाखतींनाही तो लागू होतो. आणि ही मेहनत कागदावर उतरवणाऱ्याच्या शरीराचं काय होतं? तोगाशींच्या पाठीच्या दुखण्यामुळे ‘हंटर × हंटर’ अनेकदा दीर्घ काळ थांबलेली आहे.

तीन: "हरतो, ट्रेनिंग करतो, जिंकतो" हे खुद्द जंपमध्येही तितकं सरळ नाही. गोकू पहिल्या दोन स्पर्धांच्या अंतिम सामन्यात हरतो, जिंकतो तिसऱ्या वेळी. आणि ‘स्लॅम डंक’, 1990 ते 1996, जंपच्या सगळ्यात गाजलेल्या मालिकांपैकी एक. ताकेहिको इनोउएंनी शेवटचा मोठा सामना हिरोच्या संघाला जिंकू दिला, आणि लगेच पुढच्या सामन्यात तोच संघ साफ हरला हे दोन ओळींत सांगून टाकलं. शेवटच्या पानांत साकुरागी समुद्रकिनारी बसलाय, पाठीच्या दुखापतीवर उपचार घेत. मेहनत कमी पडली म्हणून नव्हे. सामना सामन्यासारखा झाला म्हणून.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण ताई, यंदाही नाही झालं तर?"

खरं सांगते, माझ्याकडे याचं छान उत्तर नव्हतं. मी त्याला गोदाईबद्दल सांगितलं. परीक्षा पुन्हा देणाऱ्या, साध्या कॉलेजात गेलेल्या आणि पाळणाघरात आपलं काम सापडलेल्या मुलाबद्दल. "त्यात फाइट आहे का?" त्याने विचारलं. नाही म्हटलं. "मग बोअर असेल," म्हणाला. पण नाव कसं लिहायचं ते विचारून घेतलं. अडीच वाजता मेसेज करायचा नाही असंही कबूल करून घेतलं. परवाचा मेसेज सव्वाबाराला आला. चालेल, सुधारणा आहे.

तुम्हीही पुढच्या वेळी ऐन कबुलीच्या क्षणी फटाके फुटले की वैतागण्याआधी एकदा बघा: मालिकेचे अजून किती भाग शिल्लक आहेत? आणि ते वाक्य फटाक्यांशिवाय, नीट ऐकू येईल असं सांगणारी एखादी मालिका तुमच्या पाहण्यात असेल तर खाली जरूर कळवा. पुढच्या लेखात परत यीस्ट. ते बिचारे न लाजता, सरळ रसायन सोडून आपलं मन कळवतात. तेच सांगणार आहे.